दोनशे माणसे, दोनशे नोकऱ्या : हॉलिवूडचे जुने ‘बॅकस्टेज म्युझिकल’ कसे पाहावेत?

१ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत १९२९ सालच्या चित्रपटांवरचा कॉपीराइट संपला आणि एमजीएम कंपनीचा ‘द ब्रॉडवे मेलडी’ सर्वांसाठी खुला झाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा हा पहिला बोलपट. न्यूयॉर्कच्या नाट्यसृष्टीत नशीब काढायला आलेल्या, नाचगाण्यावर पोट असलेल्या दोन बहिणींची त्यात गोष्ट आहे. जुन्या चित्रपटांविषयी कुतूहल असलेला आजचा प्रेक्षक तो लावून बसला, तर बहुधा अर्ध्या तासात गोंधळून जाईल. कॅमेरा जागचा हलत का नाही, गाणी बहुतेक तालमीत नाहीतर रंगमंचावरच का होतात, आणि प्रत्येक दुसऱ्या प्रसंगात कामाची आणि पैशाची बोलणी का चालतात, हे त्याला उमगणार नाही. त्यानंतरचे, १९३३ सालचे याच घराण्यातले चित्रपट पाहिले तर गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथे कॅमेरा थेट छताला जाऊन बसतो आणि नाचणाऱ्या मुली माणसांऐवजी फुलाच्या पाकळ्या होऊन जातात.

या चित्रपटांची ओळख सहसा ‘तारका होण्याच्या स्वप्नांचे चित्रपट’ अशी करून दिली जाते. ती ओळख अपुरी आहे, असे माझे ठाम मत आहे. प्रसिद्धीचा झगमगाट त्यांत भरपूर आहे, परंतु त्यांचा खरा विषय रोजगार आहे : काम कुणाला मिळते, कुणाच्या मर्जीने मिळते, किती घाम गाळून टिकते, आणि त्यातून जे उभे राहते त्यावर नाव कुणाचे लागते. हा धागा हाती धरला की या चित्रपटांतल्या बहुतेक चमत्कारिक गोष्टी उलगडू लागतात.

हा प्रकार म्हणजे नेमके काय?

‘बॅकस्टेज म्युझिकल’ म्हणजे ज्याची गोष्ट एखादा नाचगाण्यांचा प्रयोग उभा राहण्याभोवती फिरते असा संगीतप्रधान चित्रपट. निवड, तालमी, पैशाची जुळवाजुळव, रुसवेफुगवे, ऐनवेळचे संकट आणि शेवटी पहिला प्रयोग, असा त्याचा ठरलेला प्रवास असतो. नायिका बहुधा कोरसमधली असते. कोरस म्हणजे मुख्य पात्रांच्या मागे रांगेत नाचणाऱ्या, एकसारख्या पोशाखातल्या मुलींचा ताफा. कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावे असली तरी प्रेक्षक ती वाचत नाही. मुख्य नटी आजारी पडते, भांडून निघून जाते किंवा तिचा पाय मोडतो, आणि रांगेतल्या मुलीला तिच्या जागी उभे राहावे लागते. गावाकडून आलेली पोर रात्रीतून तारका होते.

एवढ्याशा सांगाड्यावर हॉलिवूडने पंचवीस वर्षे चित्रपट काढले.

गाणे म्हणायला निमित्त हवे होते

१९२७ च्या ऑक्टोबरमध्ये वॉर्नर ब्रदर्सचा ‘द जॅझ सिंगर’ प्रदर्शित झाला आणि चित्रपट बोलू-गाऊ लागला. तोवर मूकपटांनी प्रेक्षकाला खरे रस्ते, खरी घरे आणि चेहऱ्यावरचे बारीक भाव पाहायची सवय लावली होती. अशा खऱ्याखुऱ्या वाटणाऱ्या जगात कुणी चालता चालता गाऊ लागले आणि कुठूनसा वाद्यवृंद वाजू लागला, तर ते प्रेक्षकाला पटेल की नाही, याची निर्मात्यांना धास्ती होती. संगीत नाटकावर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला हा प्रश्न कदाचित पडलाही नसता. हॉलिवूडने त्यावर सोपा तोडगा काढला. पात्रेच गाण्यानाचण्याचा व्यवसाय करणारी असली की त्यांनी गावे-नाचावे यात वावगे काही उरत नाही. वाद्यवृंद समोरच्या खड्ड्यात बसलेला असतो आणि टाळ्या वाजवणारे प्रेक्षकही पडद्यावरच दाखवता येतात.

यामागे व्यवहारही होता. बोलपटासाठी गाणारे आणि नाचणारे कलावंत हवे होते, आणि ते ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागात, व फिरत्या विविधरंजनाच्या कार्यक्रमांत तयार सापडत होते. गाण्यांच्या छापील प्रतींचा धंदा मोठा होता, म्हणून १९२९ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने संगीत प्रकाशनाच्या कंपन्याच विकत घेतल्या. माणसे नाटकातली, गाणी नाटकासारखी, तेव्हा गोष्टही नाटकाचीच झाली.

कॅमेरा जागचा का हलत नाही, याचे उत्तर तांत्रिक आहे. त्या काळचा कॅमेरा चालताना खडखड करी आणि तो आवाज मायक्रोफोनमध्ये शिरे, म्हणून कॅमेरा व कॅमेरामन या दोघांनाही आवाजबंद खोक्यात कोंडून ठेवत. गाणे आणि चित्रण एकाच वेळी चाले. ‘द ब्रॉडवे मेलडी’मधले एक समूहनृत्य पुन्हा चित्रित करायचे ठरले, तेव्हा आधी झालेले ध्वनिमुद्रण वाजवून त्यावर मुलींना नाचवण्यात आले आणि वाद्यवृंदाला पुन्हा बसवायचा खर्च वाचला. आपण ज्याला प्लेबॅक म्हणतो त्याचा हा अगदी सुरुवातीचा वापर होता. पुढे ही रीत रुळली, तेव्हा कॅमेरा खोक्यातून सुटला. नाचणाऱ्यांच्या बुटांचा टपटपाटही नंतर वेगळा मुद्रित करून चित्राला जोडला जाऊ लागला.

मात्र १९२९-३० या दोन वर्षांत असे इतके चित्रपट निघाले की लोक विटले. १९३१ पर्यंत संगीतपट म्हणजे बुडीत खाते अशी समजूत झाली होती, आणि काही तयार चित्रपटांमधली गाणी प्रदर्शनापूर्वी कापून टाकण्यात आली.

१९३३ : बाहेरची मंदी पडद्यावर

हा मेलेला प्रकार जिवंत केला तो ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ने. लॉइड बेकन दिग्दर्शक, नृत्ये बझबी बर्कलीची, गाणी हॅरी वॉरन आणि अल डुबिन यांची. तो कोणत्या आठवड्यात आला हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत त्या वेळी काम करू शकणाऱ्या चौघांतला साधारण एक जण बेकार होता. ४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले, ६ मार्चला देशभरातल्या बँका सरकारी हुकमाने बंद झाल्या, आणि ९ मार्चला न्यूयॉर्कमध्ये या चित्रपटाचा मोठा खेळ झाला. वॉर्नर ब्रदर्सने चित्रपटाच्या नावाने एक खास आगगाडी सजवली होती, आणि ती नटनट्यांना घेऊन कॅलिफोर्नियापासून वॉशिंग्टनच्या शपथविधीपर्यंत आणि पुढे न्यूयॉर्कपर्यंत धावली. त्याच महिन्यात हॉलिवूडच्या स्टुडिओंनी आठ आठवड्यांसाठी पगार निम्म्यापर्यंत कापले. ते पूर्ववत करण्यावरून वाद होऊन, ज्याच्या देखरेखीखाली हा चित्रपट तयार झाला होता तो डॅरिल झॅनक एप्रिलमध्ये वॉर्नर सोडून गेला. आणि त्याच उन्हाळ्यात चित्रपट कलावंतांची संघटना, स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड, स्थापन झाली.

आता चित्रपटात काय आहे ते पाहा. नाटक बसवणारा दिग्दर्शक ज्युलियन मार्श शेअर बाजाराच्या पडझडीत सगळे गमावून बसला आहे, डॉक्टरने त्याला काम थांबवायला सांगितले आहे, पण हे शेवटचे नाटक करून त्याला पैसा गाठीला बांधायचा आहे. नाटकात पैसा घालणारा म्हातारा लहान मुलांच्या खेळण्यातल्या गाड्यांचा कारखानदार आहे आणि त्याची मर्जी मुख्य नटीवर आहे, म्हणून नाटक उभे आहे. नटीचे मन तिसऱ्याच माणसात आहे. ते उघडे पडले तर भांडवल जाईल, म्हणून सगळे मिळून ते झाकतात. कोरससाठी आलेल्या मुलींना पाय दाखवायला लावून निवडले जाते. फिलाडेल्फियातल्या पहिल्या प्रयोगाच्या आदल्या रात्री मुख्य नटीचा घोटा मोडतो. पैसेवाला म्हातारा आता आपली नवी मैत्रीण पुढे करतो. ती भूमिका जिंजर रॉजर्सने केली आहे. आयुष्यात एकदाच येईल अशी ही संधी ती मुलगी स्वतःहून सोडते आणि सांगते की हे मला झेपणार नाही, कोरसमधली नवखी पेगी सॉयर हे करू शकेल. या प्रसंगाकडे माझ्या मते फारसे कुणी लक्ष देत नाही, पण तो चित्रपटाच्या गाभ्याचा आहे : नाटक बुडाले तर सगळ्यांचेच काम जाणार, हे कोरसमधल्या मुलीला पैसेवाल्यापेक्षा नेमके कळते.

पडद्यामागे उभ्या, भेदरलेल्या पेगीला मार्श जे सुनावतो त्यातले शेवटचे वाक्य जगप्रसिद्ध झाले : तू नवखी म्हणून बाहेर चालली आहेस, पण तारका होऊनच परत यायचे आहे. त्या बोलण्याची सुरुवात मात्र कुणी उद्धृत करत नाही. तिथे तो आकडे मोजतो. दोनशे माणसे, दोनशे नोकऱ्या, दोन लाख डॉलर आणि पाच आठवड्यांचे रक्त-घाम तुझ्यावर अवलंबून आहेत, असे तो सांगतो. पेगीचे यश हे एकटीचे स्वप्न राहिलेले नसते. ती पडली तर दोनशे चुली विझणार असतात.

प्रयोग गाजतो. शेवटचे दृश्य पेगीचे नाही. दमलेला मार्श नाट्यगृहाबाहेरच्या लोखंडी जिन्यावर बसला आहे, आणि बाहेर पडणारे प्रेक्षक बोलत आहेत की सगळे श्रेय तर त्या मुलीचे, हा मार्श उगाच नाव मिळवतो. पेगीची भूमिका करणाऱ्या रुबी कीलर या नव्या नटीला तारका करणाऱ्या चित्रपटाने शेवट असा करावा, याचे मला आजही कौतुक वाटते.

दोनच महिन्यांनी वॉर्नरचाच ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’ आला. तो उघडतो तोच नाण्यांचे पोशाख घातलेल्या मुलींच्या, आता आपल्याकडे पैसाच पैसा आहे असे सांगणाऱ्या गाण्याने. गाणे संपण्याआधीच वसुलीवाले तालमीत घुसतात आणि निर्मात्याची बिले थकली म्हणून पोशाखांसह सगळे जप्त करू लागतात. एक जण तर अंगावर चढवलेले नाणे ओढून घेऊ पाहतो. पुढच्या प्रसंगात एकत्र राहणाऱ्या मैत्रिणींपैकी एक शेजाऱ्याच्या खिडकीबाहेरची दुधाची बाटली चिमट्याने पळवते. आणि शेवटचे गाणे आहे विस्मरणात गेलेल्या सैनिकांचे. पहिल्या महायुद्धातले जवान आधी मिरवणुकीने जातात, मग जखमी होऊन परततात, मग भाकरीच्या रांगेत उभे राहतात. १९३२ च्या जुलैमध्ये याच जवानांनी कबूल केलेला बोनस मागितला म्हणून वॉशिंग्टनमध्ये त्यांच्यावर लष्कर घातले गेले होते, आणि ते प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर ताजे होते.

‘पण असा रंगमंच असूच शकत नाही!’

हा आक्षेप पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण घेतो आणि तो रास्त आहे. पडदा उघडतो तेव्हा आपण नाट्यगृहात असतो. दोन मिनिटांत रंगमंचावर रस्ते, हॉटेले, धबधबे आणि तलाव अवतरतात, आणि कॅमेरा अशा जागी जातो जिथे कुठल्याही तिकिटावर बसता येत नाही. ‘फुटलाइट परेड’मध्ये जेम्स कॅग्नी चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी होणारे छोटे जिवंत कार्यक्रम बसवत असतो, त्यातला पाण्यातल्या मुलींचा कार्यक्रम कुठल्याही चित्रपटगृहाच्या मंचावर मावणे शक्य नाही.

बझबी बर्कलीने नृत्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये सैनिकांच्या कवायती बसवत होता. त्याला शेकडो शरीरे एका तालात हलवता येत, आणि ती कुठून पाहिली म्हणजे आकृती दिसेल हे त्याला नेमके कळे. तो सहसा एकच कॅमेरा वापरी आणि तो छताजवळ नेऊन खाली रोखी. त्यासाठी स्टुडिओच्या छताला भोके पाडल्याचे तो सांगत असे. दारापुढची मोठी रांगोळी जमिनीलगत बसून कळत नाही, वर गच्चीवरून पाहिली की कळते, तसेच हे आहे. आणि रांगोळीत रंगाचा एकेक कण वेगळा दिसत नाही, तशी बर्कलीच्या वरून घेतलेल्या चित्रात एकही मुलगी वेगळी दिसत नाही.

म्हणून हा आक्षेप मला चूक न वाटता महत्त्वाचा वाटतो. चित्रपटाचा पूर्वार्ध आपल्याला या मुलींची नावे, भाडी, भुका आणि भांडणे दाखवतो, आणि उत्तरार्धातली नृत्ये त्यांना पाकळ्या, चाके आणि वाद्ये बनवतात. बर्कली अधूनमधून एकेका मुलीच्या चेहऱ्यावरून कॅमेरा सावकाश फिरवतो खरा, पण क्षणभरच. मुलींना माणूस म्हणून दाखवणे आणि कारखान्यातल्या भागांसारखे जुळवणे, या दोन्ही गोष्टी एकाच चित्रपटात शेजारी शेजारी राहतात, आणि त्यांच्यातला ताण आज नव्वद वर्षांनंतरही जाणवतो.

‘गोल्ड डिगर्स’मधल्या चमकत्या व्हायोलिनच्या नृत्याचे चित्रण सुरू असताना, १० मार्च १९३३ रोजी, लाँग बीचचा भूकंप झाला आणि स्टुडिओतली वीज गेली. विजेच्या तारा जोडलेली ती वाद्ये हातात घेऊन उंच मांडणीवर उभ्या असलेल्या मुलींसाठी ती वेळ किती धोक्याची होती, याची कल्पना ते नृत्य पाहताना येते.

नर्तक-नट फ्रेड अस्टेअरने नेमकी उलट वाट धरली. त्याचा आग्रह असे की नाचणाऱ्याचे शरीर डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत दिसावे आणि तोडमोड कमीत कमी व्हावी. तिथे प्रेक्षक माणसाचे कसब पाहतो, बर्कलीकडे तो मांडणी पाहतो.

‘एकीचा पाय मोडला आणि दुसरीचे नशीब उघडले, हे पटत नाही’

घटना म्हणून हे अगदीच अशक्य नाही. १९५४ मध्ये ब्रॉडवेवरच्या ‘द पजामा गेम’ या नाटकात कॅरल हेनी हिच्या घोट्याला दुखापत झाली आणि तिची बदली म्हणून शर्ली मॅक्लेन उभी राहिली. प्रेक्षकांत हॉलिवूडचा निर्माता हॅल वॉलिस होता. त्याने तिला करारबद्ध केले आणि ती पुढे हॉलिवूडची तारका झाली. रुबी कीलर पोरवयातच न्यूयॉर्कमध्ये कोरसमध्ये नाचत होती. बार्बरा स्टॅनविक आणि जोन क्रॉफर्ड या हॉलिवूडच्या गाजलेल्या नट्या, दोघीही रांगेतून पुढे आल्या.

परंतु या खऱ्या गोष्टीत चित्रपट जे सांगत नाहीत तेही दिसते. जिचा घोटा दुखावला ती कॅरल हेनी ही काही लहरी तारका नव्हती. तिने वर्षानुवर्षे नर्तक-नट जीन केलीची सहायक म्हणून पडद्यामागे राहून नृत्ये बसवायला हातभार लावला होता, आणि नाव मिळण्याची तिची वेळ नुकती आली होती. चित्रपटातली मोडलेल्या घोट्याची नटी प्रेम मिळाले म्हणून आनंदाने बाजूला होते आणि प्रेक्षकाच्या मनाला टोचणी लागत नाही. प्रत्यक्षात एकीची संधी दुसरीच्या कष्टांवरून जाते.

दुसरे असे की, रात्रीतून काहीच घडत नव्हते. रिटा हेवर्थने १९४४ च्या ‘कव्हर गर्ल’मध्ये ब्रुकलिनच्या छोट्या क्लबात नाचणाऱ्या आणि मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकणाऱ्या मुलीची भूमिका केली. ती स्वतः मार्गारिटा कान्सिनो या नावाने जन्मली आणि पोरवयापासून स्पॅनिश नर्तक असलेल्या वडिलांबरोबर क्लबांमध्ये नाचत होती. स्टुडिओने तिचे नाव बदलले, केसांचा रंग बदलला आणि कपाळावरची केसांची रेषा विजेच्या उपचाराने मागे सारली. पडद्यावर ती गाते तेव्हा गळा दुसऱ्या गायिकेचा असतो. ब्रॉडवेवरच्या तालमींना वेतन मिळत नसे. १९३० च्या दशकात कलावंतांच्या संघटनेने ते मिळवेपर्यंत नाटक पडले तर तालमीचे आठवडे फुकट जात.

बायकांच्या शरीराचे प्रदर्शन, असे कुणी म्हटले तर?

तर ते बरोबरच आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. निवडीच्या प्रसंगांत मुलींना जनावरांच्या बाजारासारखे पारखले जाते, आणि कॅमेराही पारखणाऱ्यांच्याच बाजूला उभा राहतो. १९३४ च्या मध्यापासून हॉलिवूडची स्वतःची नीतिसंहिता कडक झाली. मग उघडावाघडा भाग कमी झाला, पण त्याबरोबर भाडे थकलेल्या मुलींचे रोखठोक बोलणेही गेले, आणि हे दुसरे नुकसान मला मोठे वाटते.

या आक्षेपाला चित्रपटातूनच उत्तर दिले डोरोथी आर्झनर हिने. त्या काळात हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंत दिग्दर्शन करणारी ती जवळजवळ एकटीच स्त्री. तिच्या १९४० च्या ‘डान्स, गर्ल, डान्स’मध्ये मॉरीन ओ’हॅरा बॅलेचे स्वप्न पाहणारी जूडी आहे आणि लुसिल बॉल गर्दीला काय हवे ते ओळखणारी बबल्स. पोटासाठी जूडी बबल्सच्या कार्यक्रमात मध्येच येऊन बॅले करते, म्हणजे लोकांनी हुर्यो करावी आणि बबल्सला परत बोलवावे. हुर्यो हेच तिचे काम. एके रात्री ती नाच थांबवते, मंचाच्या कडेशी येते, हाताची घडी घालते आणि प्रेक्षकांनाच सुनावते : बघा, लाजू नका, पैसे मोजले आहेत ना, घरी गेल्यावर बायकांसमोर मान ताठ करून मिरवाल, पण आम्हाला तुम्ही कसे दिसता ते आम्हाला चांगले ठाऊक आहे. प्रेक्षागृह आधी सुन्न होते, मग टाळ्या पडतात, आणि लगेच बबल्स तिच्या अंगावर धावून जाते. त्या वेळी हा चित्रपट पडला. १९७० च्या दशकात स्त्रीवादी समीक्षकांनी तो शोधून पुन्हा पाहिला आणि त्याची योग्यता ओळखली.

टॅप आणणारे कुठे गेले?

या चित्रपटांतल्या नृत्याचा कणा म्हणजे टॅप, बुटाच्या तळाला धातूच्या पट्ट्या ठोकून पायांनी ताल वाजवण्याची रीत. ती घडवण्यात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचा वाटा मोठा आहे, आयरिश नाचाची तिला जोड आहे. तरीही रांगेतून तारका होण्याची गोष्ट गोऱ्या मुलीचीच सांगितली गेली. ‘गोल्ड डिगर्स’च्या त्या शेवटच्या गाण्यात खिडकीत बसून आर्त स्वरात गाणारी कृष्णवर्णीय गायिका एटा मोटेन आहे, श्रेयनामावलीत तिचे नाव नाही. कृष्णवर्णीय गायिका लीना हॉर्नची गाणी एमजीएम अशा तऱ्हेने चित्रित करी की दक्षिणेकडच्या राज्यांत ती कापून टाकली तरी कथेला धक्का लागू नये. अस्टेअरने १९३६ च्या ‘स्विंग टाइम’मध्ये टॅपला मानवंदना देताना तोंडाला काळे फासले, आणि तो सुंदर नाच आज पाहताना मन खट्टू होते.

१९४३ च्या ‘स्टॉर्मी वेदर’मध्ये सगळे कलावंत कृष्णवर्णीय आहेत. त्यात फेयार्ड आणि हॅरल्ड हे निकोलस बंधू मोठ्या जिन्यावरून एकमेकांच्या डोक्यावरून उड्या घेत, प्रत्येक पायरीवर पाय पूर्ण फाकवून उतरत आणि हातांच्या आधाराशिवाय उठत खाली येतात. इतके कसब असलेल्या या भावांना एखाद्या मोठ्या चित्रपटाचे नायक मात्र केले गेले नाही.

आवाज एकीचा, नाव दुसरीचे

युद्धानंतर हा प्रकार स्वतःकडेच वळून पाहू लागला. १९५२ च्या ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये रंगमंचाच्या जागी स्टुडिओ येतो. कॅथी (डेबी रेनल्ड्स) ही कोरसमधली मुलगी एका तारकेला पडद्याआडून आवाज देते आणि शेवटी पडदा वर ओढून सत्य उघड केले जाते. गोष्ट श्रेय चोरण्याची आहे, म्हणून तिच्या निर्मितीत काय घडले ते विशेष बोलके आहे. कॅथी तारकेसाठी गाते त्या एका गाण्यात गळा डेबी रेनल्ड्सचा नसून बेटी नॉइज या गायिकेचा आहे, आणि श्रेयनामावलीत ती नाही. कॅथी तारकेचे संवाद म्हणते तिथे ऐकू येणारा आवाज खुद्द तारकेची भूमिका करणाऱ्या जीन हेगनचा आहे, कारण तिचा खरा आवाज भारदस्त होता. एकोणीस वर्षांच्या रेनल्ड्सला व्यायामाचा सराव होता, नाचाचा नव्हता. केली आणि डोनाल्ड ओ’कॉनरच्या बरोबरीने सकाळच्या शुभेच्छांचे ते आनंदी गाणे करताना दिवसाअखेर तिचे पाय रक्ताळले होते. पडद्यावर मात्र तिच्या चेहऱ्यावर थकव्याची रेघ नाही.

याच काळात दूरचित्रवाणी पसरली, स्टुडिओंच्या हातून चित्रपटगृहे गेली, आणि नर्तकांचे कायमचे ताफे पदरी ठेवणे कुणाला परवडेना.

आपला संबंध, आणि पुढचे पाऊल

मुंबईला हे चित्रपट परके नव्हते. एमजीएमने १९३८ मध्ये धोबीतलावला स्वतःचे मेट्रो चित्रपटगृहच बांधले होते. मागे नाचणाऱ्या मुंबईच्या मुलीला नायिकेची जागा मिळते, ही १९९५ च्या ‘रंगीला’ची गोष्ट याच कुळातली आहे.

अमेरिकेत ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ १९८० मध्ये उलट ब्रॉडवेवर नाटक होऊन आला. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्याचा दिग्दर्शक गॉवर चॅम्पियन वारला, आणि ही बातमी पडदा पडल्यावर मंचावरूनच कलावंतांना व प्रेक्षकांना कळली. पण या प्रकाराला खरे उत्तर त्याआधी पाच वर्षे मिळाले होते. १९७४ मध्ये नृत्यदिग्दर्शक मायकेल बेनेट याने कोरसमध्ये नाचणाऱ्यांना रात्रभर एकत्र बसवून त्यांच्या आयुष्याच्या कहाण्या टेपवर मुद्रित केल्या, आणि त्यातून १९७५ चे ‘अ कोरस लाइन’ हे नाटक उभे राहिले. त्यात कुणाचाही घोटा मोडून कुणी तारका होत नाही. सगळ्यांना हवी आहे ती रांगेतली जागा, म्हणजे आठवड्याचा पगार. निवड होते, काहींना घरी पाठवले जाते. हे नाटक १९९० पर्यंत चालले आणि त्याचे ६,१३७ प्रयोग झाले. ज्यांच्या कहाण्या त्यात आहेत त्या नर्तकांनी सुरुवातीला एका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात त्यांवरचे हक्क लिहून दिले होते. नाटक गाजल्यावर मानधनाचा एक वाटा त्यांच्याकडे वळवण्यात आला, आणि तो पुरेसा होता का, यावर त्यांच्यात पुढे अनेक वर्षे वाद होत राहिला.